कायदा आम्हीच मागतो आहोत

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले धंदेवाले. नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, संगमनेर-राहात्याचे दूधवाले, साखर कारखान्यांचे सभासद, श्रीरामपूरच्या पेठेतले व्यापारी. उद्योजक एकत्र आले की 'कायदे सैल करा' म्हणतात, असा रिवाज आहे. आम्ही उलट मागणी घेऊन उभे आहोत: हवामानाचा कायदा करा, पक्का करा, लवकर करा.

आज आमच्याकडे काय चालते ते पाहा. वीज गेली की लेथ थांबतो, चकमध्ये धरलेला जॉब वाया जातो आणि शेडच्या मागे डिझेलचा जनरेटर धूर ओकत घरघरू लागतो. संकलन केंद्रावरचा बल्क कूलर बंद पडला की दुधाची नासाडी. शिवारात वीज रात्रीची, म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन उसात मोटार चालू करायला जातो. त्याच उसात बिबट्या असतो. पाऊस एखाद्या साली दडी मारतो, एखाद्या साली काढणीला आलेला कांदा सडवून जातो. ऊस, कांदा आणि दूध यांवर जगणाऱ्या जिल्ह्यात हवामान बिघडले की पेठेतली उधारीसुद्धा थकते.

जग थांबलेले नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघ बाहेरून येणाऱ्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवर कार्बनचा आकार लावू लागला आहे. उद्या नगरच्या सुट्या भागालाही विचारले जाईल, तू कोणत्या विजेवर घडलास?

विजेचा कायदा २००३ चा आहे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज थेट विकत घेण्याची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली. लहान कारखानदाराला दार उघडले. पण विजेचे बँकिंग (जादा वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरणे), अधिभार, नेट मीटरिंग यांचे नियम वरचेवर बदलतात आणि कर्जाचा हप्ता मात्र बदलत नाही. कडक नियमाशी आम्ही जुळवून घेऊ. अस्थिर नियमाशी जुळवून घेता येत नाही.

हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी मान्य केले आणि त्यासाठी देशात एकछत्री कायदा नाही, हेही नोंदवले. खटला माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाचा होता. ज्याचे अभयारण्य आमच्या जिल्ह्यात शिरलेले आहे, तोच पक्षी.

कायद्याने धंदा मरतो, हे आम्ही मानत नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात तो गाळपाला लागला. त्याच्या पाठीशी सहकाराचा कायदा होता. मत कोणाचे, नफा कोणाचा, जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते, म्हणून शेतकरी शेअरला पैसे घालायला धजावला. आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी नियम, मग बरकत. विजेतही सुरुवात इथेच झाली: राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रयोग २०१७ साली राळेगणसिद्धीत हाती घेतला गेला तो शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. उसाच्या कारखान्याचा मालक शेतकरी होऊ शकला, तर विजेचाही होईल.

म्हणून आम्ही मागतो: उत्सर्जनघटीची वर्षवार बंधनकारक उद्दिष्टे सांगणारा राज्याचा हवामान कायदा. प्रकल्प उभारताना असलेले वीज-बँकिंगचे नियम किमान दहा वर्षे कायम राहतील, ही हमी. शेतकऱ्यांच्या सौर सहकारी संस्थांना ग्रिडमध्ये हक्काची जागा. आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय गायरानावर एकही पॅनेल नाही. मेंढरांची चराई हिसकावून मिळणारी वीज आम्ही स्वच्छ म्हणणार नाही.

सरकारकडे बोट दाखवून आम्ही बसणार नाही. आमच्या शेडची छपरे आधी सौर पॅनेलने भरू. दरवर्षी ऊर्जालेखापरीक्षण करू आणि त्याचे आकडे गेटवरच्या फलकावर लावू, वाईट आले तरी लावू. आयटीआयच्या मुलांना पॅनेल-इन्व्हर्टरच्या कामावर आम्हीच हात बसवून देऊ. आमच्या संघटना मंत्र्यांकडे जातील तेव्हा निवेदनात पहिली मागणी अनुदानाची नसेल, कायद्याची असेल.

तुमची पिठाची गिरणी असो, शीतगृह असो की दोन लेथची शेड, या. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले आणि डिझेलच्या पावत्या सोबत आणा. कामाला तिथूनच सुरुवात करू.