जिलबी शेवटी मिळते



गेल्या अंकात मोहल्ल्यातल्या वाचकगटांची ‘पुस्तकभिशी’ म्हणून केलेली थट्टा वाचली. लेखकाच्या मते हे गट म्हणजे खाण्याचे निमित्त, आणि कल्पनाही कालपरवा परदेशातून आलेली.

खाण्याचा आरोप अर्धा मान्य. आमच्या बैठकीत खव्याची जिलबी असते. जबलपूरच्या बडा फुहाऱ्याजवळ राहून ती टाळणारा मला अजून भेटायचा आहे. पण ती शेवटी मिळते, आणि पुस्तक न वाचता आलेल्याला सर्वांत शेवटी.

‘कालपरवा’ मात्र साफ चूक. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. पुस्तकांच्या पेट्या घरोघरच्या वाचकांपर्यंत नेणारी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ साली निघाली ती नाशकातून, लंडनहून नव्हे.

‘महाराष्ट्राबाहेर मराठी वाचतो कोण?’ असेही लेखक विचारतात. आम्ही वाचतो; सुरुवातीला नऊ जण होतो. ‘बनगरवाडी’ मोठ्याने वाचली तेव्हा एका घरची हिंदीभाषक सून दाराशी उभी राहून ऐकत होती; पुढच्या महिन्यापासून ती दहावी झाली. तिच्या आग्रहाने आम्ही याच शहरात आयुष्य काढलेल्या हरिशंकर परसाईंना मूळ हिंदीत वाचले, लगोलग पु. लं.ना. कोणाचा विनोद अधिक बोचतो, हा वाद सहा वर्षे मिटलेला नाही. घरी एकट्याने वाचण्याचे गोडवे गाणाऱ्या लेखकाशी वाद घालायला कोण येते?

पुढची बैठक दुसऱ्या रविवारी. त्यांनी अवश्य यावे, पुस्तक वाचून.

— एक वाचक, बडा फुहारा, जबलपूर