रोमन मद्याचा बुधला की तगरचे कापड?

१/ धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. या गावाची थोरवी गाताना ‘येथे रोमन मद्याचे बुधले रिते होत’ असे मोठ्या दिमाखात सांगितले जाते. तिकडे इटलीत ‘ग्राप्पा’ या मद्यालाही रोमन वारसा चिकटवला जातो. दोन्ही दावे पुराव्याच्या कसोटीवर लावू या. #थ्रेड

२/ द्राक्षांचा रस काढल्यावर साली-बियांचा चोथा उरतो. तो आंबवून, गाळून केलेले मद्य म्हणजे ग्राप्पा. लाकडी पिंपात किमान १२ महिने मुरले की ते ‘इन्वेक्कियाता’, १८ महिने मुरले की ‘रिसेर्वा’. सोनेरी रंग व मार्दव ही पिंपाचीच देणगी.

३/ दंतकथा म्हणते, गाळण्याचे यंत्र एका रोमन सैनिकाने इजिप्तहून आणले. परंतु इटलीत मद्यार्क गाळण्याचे उल्लेख १२व्या शतकाच्या सुमारास, सालेर्नोच्या वैद्यकीय परंपरेत येतात. रोमन लोक चोथा पाण्यात भिजवून ‘लोरा’ हे पातळ पेय काढीत. काटोच्या शेतीविषयक ग्रंथानुसार ते शेतावर राबणाऱ्या गुलामांच्या वाट्याला येई.

४/ आता तगर. इ.स. १ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य नोंदवतो. त्यातही पसंती इटलीच्या मद्याला. पण ते पुढे तगरला पोहोचले, असे तो कोठेही म्हणत नाही.

५/ तगरविषयी तो सांगतो ते वेगळेच. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला जात.

६/ खापरांचे काय? भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली अनेक खापरे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडील कुंभांची असल्याचे रोबर्टा टोंबर यांनी दाखवले आहे. प्रत्येक परदेशी खापर रोमन नसते.

७/ उलट दिशेचा पुरावा मात्र बोलका आहे. १९३८ मध्ये पाँपेई येथे भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी नोंदवले आहे.

८/ मग तेरचा अभिमान परक्या बुधल्यावर का तोलावा? रोमचे मद्य मिरवताना तगरचे विणकर आणि गाडीवान विस्मृतीत जातात. जसे ग्राप्पाच्या दंतकथेत लोरा पिणारे गुलाम. इतिहास प्याला उचलणाऱ्यांइतकाच राबणाऱ्यांचाही असतो.

(समाप्त)