काम मागितलं, पण पोच घेतली का?

पाडव्याला साल संपतं. मालक बोलावतो, पुढच्या सालाचा आकडा ठरतो, उचल मिळते आणि सालगडी पुन्हा कामाला जुंपतो. ही आपल्याकडची जुनी रीत. पण आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. शेजारच्या गावात एक गडी अकरा सालं एकाच वाड्यावर राबला. पाडव्याला त्याला सांगण्यात आलं, "बाबा, यंदा दुसरीकडं बघ." कारखान्यातून कामगार काढला तर नोटीस असते, हिशेब असतो. सालगड्याला त्यातलं काहीच नाही.

हा गडी ग्रामपंचायतीत गेला. म्हणाला, "भाऊसाहेब, रोजगार हमीचं काम द्या." भाऊसाहेब म्हणाले, "काम निघालं की निरोप धाडतो." दोन महिने निरोप आला नाही. पुढं पाऊस पडला आणि मिळेल त्या रोजानं तो पेरणीला गेला.

भाऊसाहेब लबाड होते असं मी म्हणत नाही. पण हे मागणं तोंडी राहिलं आणि गडी हक्काच्या पैशाला मुकला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं साफ सांगितलं होतं, की अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, त्यानंतर किमान निम्मा. महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता. म्हणजे भत्ता दिवसाला ७८ रुपये, महिन्याचे २३४० रुपये. श्रीमंती येत नाही, पण किराणा येतो.

आणि ही कल्पना काही दिल्लीहून आलेली नाही. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यातही काम न मिळाल्यास दिवसाला निदान एक रुपया भत्ता होता. मग आपल्या ओळखीत भत्ता मिळालेला माणूस का सापडत नाही?

उत्तर पैशाच्या वाटेत आहे. २००५ च्या कायद्यात मजुरी केंद्राच्या तिजोरीतून, पण बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून. काम दिलं नाही हे कागदावर आलं, की खर्च राज्यावर आणि जाब खालच्या कर्मचाऱ्याला. त्यापेक्षा अर्जावर तारीखच न घातलेली बरी! तारीख नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं जुन्याच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. पेरणी-काढणीच्या मोसमात वर्षाकाठी एकूण ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूद केली. पण १५ दिवसांत काम न दिल्यास भत्ता, आणि तो राज्यानं द्यायचा, ही गोष्ट त्यातही आहे. म्हणजे दुखणंही तेच राहणार.

म्हणून मजूर भावा-बहिणींना सांगणं एवढंच. जॉबकार्ड नसेल तर आधी ते काढा. काम लेखी मागा, जमल्यास पाच-दहा जणांनी मिळून मागा. कामाची मागणी म्हणजे नमुना ४ आणि त्याची पोच म्हणजे नमुना ५, हे आपल्याकडं चालत आलेलं आहे. उद्या नमुन्याचा आकडा बदलेल, पण तारीख आणि सही-शिक्क्याची पोच सोडू नका. ग्रामपंचायतीत अर्ज घेतला नाही तर तहसील गाठा. आणि काम निघालं तर जा. घरी बसून भत्ता मागता येत नाही.

बागायतदार म्हणतील, यानं मजूर महागतो. पण दोन एकर कोरडवाहूचा धनीही उन्हाळ्यात याच कामावर खडी फोडायला जातो, हे विसरू नये.

ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, आणि रोजगार सेवकांना विनंती. भत्ता तुमच्या खिशातून जात नाही. उलट अर्ज वेळेत वर पाठवला, काम वरून मंजूर झालं नाही, हे दाखवायला तीच पोच तुमच्या कामी येईल. सरपंचांनी ग्रामसभेत फक्त एक प्रश्न विचारावा: गेल्या तीन महिन्यांत किती अर्ज आले आणि किती पोच दिल्या? दोन्ही आकडे जुळले तर गाव धड आहे. नाही जुळले, तर पुढच्या पाडव्याला साल सुटलेला गडी पुन्हा त्याच पायरीवर निरोपाची वाट बघत बसेल.