तीन रात्रींचा राजवाडा, बारा महिन्यांचे शहर

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारी महिन्यात ‘आर्ट सर्कल’ या स्थानिक संस्थेतर्फे कला संगीत महोत्सव भरतो. तीन रात्री उघड्या आकाशाखाली गायन, वादन आणि नृत्याच्या मैफली रंगतात. मागे उजळलेला राजवाडा उभा असतो आणि श्रोते उशिरापर्यंत बसून राहतात. दीड दशकाहून अधिक काळ चालत आलेल्या या उपक्रमाने रत्नागिरीचे नाव नामवंत कलावंतांच्या वार्षिक कार्यक्रमांत नेऊन ठेवले आहे. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मुख्यतः रसिकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या बळावर असा महोत्सव रुजावा, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनातील लहान घटना नव्हे. मात्र या यशातच एक प्रश्न दडलेला आहे. चौथ्या दिवशी व्यासपीठ उतरले की या वास्तूचे शहराशी नाते काय उरते? उरलेल्या वर्षात ती मुख्यतः एक वस्तुसंग्रहालय आणि पर्यटकांचा अर्ध्या तासाचा थांबा असते. ज्या शहरात वर्षभर काही ना काही चालू असते, त्या शहरातला राजवाडा वर्षातून तीनच रात्री जागा होतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

या वास्तूचा इतिहास सर्वज्ञात असला तरी त्याचा अर्थ पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले येथे पदच्युत केले आणि १८८६मध्ये मद्रासमार्गे रत्नागिरीस आणून ठेवले. त्या वेळी येथे रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद पडत असे. राजाला जगापासून तोडून ठेवण्यास याहून सोयीची जागा सरकारला सापडली नसती. पुढची सुमारे चोवीस वर्षे राजकुटुंब बंगल्यांत राहिले. आजचा राजवाडा बांधून झाला तो १९१०मध्ये आणि राजाचे निधन झाले १९१६च्या डिसेंबरात. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील जेमतेम सहा वर्षे त्याला या वास्तूत मिळाली. राजाची समाधी रत्नागिरीतच आहे. राणी सुपायालत १९१९मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७मध्ये येथेच वारली. तिची कन्या टुटू ही रत्नागिरीकर म्हणूनच जगली.

इतिहासाचा याहून मोठा योगायोग दुसराच आहे. ज्या रत्नागिरीत मंडालेचा राजा कैदेत होता, त्याच रत्नागिरीत १८५६मध्ये जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. हा तुरुंग थिबाच्याच जुन्या राजनगरीच्या कोटात होता. टिळकांनी तेथे ‘गीतारहस्य’ लिहून काढले, त्याच वर्षांत रत्नागिरीत थिबाचा नवा राजवाडा पुरा झाला. पुढे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर याच शहरात स्थानबद्ध होते आणि १९३१मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून येथे पतितपावन मंदिर उभे राहिले. टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा ही तिन्ही ठिकाणे एका सकाळी पाहून होतात. तरीही ती एका सूत्रात गुंफून सांगितली जात नाहीत. साम्राज्याने माणसांना कसे उचलून दूर नेऊन ठेवले, याचे इतके बोलके साक्षीदार एका लहान शहरात क्वचितच आढळतील.

राजवाडा असा मौनात असताना शहराचे सांस्कृतिक वर्ष मात्र भरगच्च असते. फाल्गुनात शिमगा आला की बारा वाड्यांचे ग्रामदैवत असलेल्या श्री देव भैरीची पालखी निघते आणि शहराचे रस्ते तिच्या वाटेने चालू लागतात. भाद्रपदात चाकरमानी परततात, वाडीवाडीत जाखडी रंगते. नमन-खेळे हा तर जिल्ह्याचा प्राणच. गावोगावच्या देवस्थानांच्या उत्सवांत ग्रामस्थांनी बसवलेले नाटक हा आजही मानाचा भाग असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर हौशी संघांची चुरस लागते. ‘खल्वायन’सारखी संस्था मासिक संगीत सभा भरवते आणि संगीत नाटकाची परंपरा निष्ठेने सांभाळते. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ पुलोत्सव होतो, आणि ज्यांच्या लेखणीने रत्नागिरीच्या अंतू बर्व्याला अजरामर केले त्यांचा उत्सव येथे व्हावा हे उचितच आहे. कीर्तनसंध्येला मोठा श्रोतृवर्ग लाभतो. १९९०चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले आणि २०११मध्ये मराठी नाट्य संमेलनही येथे झाले.

तात्पर्य, या शहरात रसिक नाहीत, कार्यकर्ते नाहीत किंवा परंपरा नाही, अशी तक्रार करण्यास जागा नाही. उणीव आहे ती वेगळीच. शहराचे कार्यक्रम आणि शहराची सर्वांत मोठी ऐतिहासिक वास्तू यांच्यामध्ये कायमचा दुवा नाही. महोत्सवासाठी राजवाडा ही देखणी पार्श्वभूमी असते. पार्श्वभूमी बदलली तरी गायन तेच राहील. राजवाडा स्वतः काही सांगतो आहे, असे घडत नाही.

याचे एक कारण व्यवस्थेत आहे. राजवाडा शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे. १९६०च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायद्यानुसार संरक्षित वास्तूत कोणताही उपक्रम परवानगीनेच करता येतो. हे बंधन अनाठायी नाही. जांभा आणि लाकूड यांच्या वास्तूला कोकणच्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाशी दरवर्षी झुंजावे लागते. त्यात गर्दी, ध्वनिक्षेपकांचे हादरे आणि विजेच्या तारांचे जाळे यांची भर पडली तर वास्तूचे आयुष्य घटते. पण परवानगी देणारी यंत्रणा आणि वर्षभराचा आराखडा आखणारी यंत्रणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली अस्तित्वात आहे, दुसरी नाही. परिणामी जो पुढाकार घेईल त्याने अर्ज करावा, निधी जमवावा, तीन दिवस राबावे आणि मैदान मोकळे करून द्यावे, एवढेच घडते. स्वयंसेवी संस्थांची शक्ती ही कार्यकर्त्यांच्या उमेदीची आणि देणगीदारांच्या सद्भावनेची शक्ती असते. ती तीन रात्री पुरते. बारा महिने पुरावी अशी अपेक्षा धरणे हा तिच्यावर अन्याय आहे.

हे सारे शासनाने आपल्या हाती घ्यावे, हेही उत्तर पुरेसे नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सवाचा अनुभव ताजा आहे. पर्यटनाच्या नकाशावर मानाचे स्थान असलेला हा महोत्सव २०१६ नंतर अनेक वर्षे खंडित राहिला आणि २०२३मध्ये पुन्हा झाला. अर्थसंकल्प, अधिकाऱ्यांच्या बदल्या आणि दुष्काळासारखी संकटे यांवर हेलकावे खाणारा उत्सव शहराच्या सवयीचा भाग बनत नाही. दुसऱ्या बाजूला, ‘महाराष्ट्र वैभव’ या स्मारक संगोपन योजनेखाली नळदुर्गचा किल्ला २०१४मध्ये सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे देखभालीसाठी सोपवण्यात आला. अशा करारांमुळे स्वच्छता आणि सुविधा येतात, पण स्मारकाचे काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार गुंतवणूकदाराकडे झुकण्याचा धोका असतोच.

युरोपातील एक उदाहरण येथे उपयोगी पडावे. हंगेरीची राजधानी बुडापेस्टपासून सुमारे तीस किलोमीटरवर ग्योडोलो नावाचे गाव आहे. तेथे ग्रासालकोविच या सरदार घराण्याने अठराव्या शतकात बांधलेला भव्य राजवाडा १८६७च्या राज्याभिषेकाच्या वेळी सम्राट फ्रान्झ जोसेफ आणि राणी एलिझाबेथ यांना देण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच वास्तूत सोव्हिएत सैन्याची छावणी आणि वृद्धाश्रम आले व तिची रया गेली. सैन्य १९९०मध्ये निघून गेले. १९९६मध्ये दुरुस्त दालनांत संग्रहालय उघडले आणि २००३मध्ये जुने नाट्यगृह पुन्हा सुरू झाले. आज संग्रहालय, मैफली, नाट्यगृह आणि प्रदर्शने यांच्या वार्षिक वेळापत्रकाभोवती त्या गावाचा लौकिक उभा आहे. थिबा राजवाड्यानेही स्वातंत्र्यानंतर तंत्रनिकेतनाचे वर्ग पाहिले, त्यामुळे वास्तूचा वापर बदलण्याचा अनुभव दोन्हीकडे आहे. फरक असा की, एलिझाबेथ राणी आपल्या आवडीने त्या गावी जाऊन राहत असे, थिबाला रत्नागिरीत डांबून ठेवले होते. म्हणून रत्नागिरीने ग्योडोलोची नक्कल करण्यात अर्थ नाही. घेण्यासारखा धडा एकच आहे. तेथे जीर्णोद्धार हा टप्प्याटप्प्याने झाला आणि प्रत्येक दुरुस्त दालनाला लगेच एक नियमित काम मिळाले.

रत्नागिरीसाठी याचा अर्थ काय? शिमग्याची पालखी किंवा वाडीतली जाखडी पर्यटकांसाठी राजवाड्यात आणून बसवणे हा त्याचा अर्थ नव्हे. त्या परंपरांना आपापली जागा आहे, मान आहे, आणि तो हलवणे म्हणजे त्यांचे प्राण काढून घेणे. राजवाड्याचे वेळापत्रक त्याच्या स्वतःच्या कथेतून निघायला हवे. डिसेंबरात राजाच्या स्मृतिदिनाला व्याख्यान आणि ब्रह्मदेशाच्या संगीत-नाट्याचा परिचय, पावसाळ्यात जेव्हा बाहेर काही करता येत नाही तेव्हा दालनांत प्रदर्शन, ऑगस्टमध्ये टिळकांच्या पुण्यतिथीला मंडाले आणि रत्नागिरी यांची समांतर कहाणी, आणि शाळांसाठी वर्षभर ठरलेले दिवस, एवढ्याला फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती पुरातत्त्व खाते, नगर परिषद, महाविद्यालये आणि सांस्कृतिक संस्था यांची एक कायम समिती आणि एक जबाबदार अभिरक्षक. रोषणाई आणि ध्वनिप्रकाशाचे खेळ कोणत्याही भिंतीवर करता येतात, पण मंडालेची आठवण सांगण्याचा अधिकार महाराष्ट्रात याच भिंतींना आहे.

या आठवणीला आंतरराष्ट्रीय बाजूही आहे. म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी २०१२च्या डिसेंबरात रत्नागिरीस येऊन राजाच्या समाधीला वंदन केले होते. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीने थिबाचा वनवास जगभरच्या वाचकांपर्यंत नेला. इकडे अखेरचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर १८६२मध्ये रंगूनला मरण पावला आणि तिकडचा अखेरचा राजा इकडे. रंगूनमधील जफरच्या दर्ग्याला भारतीय नेते आवर्जून भेट देतात. २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारचे भवितव्य अनिश्चित झाले आहे. अशा काळात त्या देशाच्या लोकांची एक राष्ट्रीय आठवण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जपली जाते आहे, याचे मोल कमी नाही.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८मध्ये खुला झाल्यापासून रत्नागिरी दूर राहिलेली नाही. ज्या दुर्गमतेमुळे राजाला येथे आणले, ती संपली आहे. आता येणाऱ्या पाहुण्याला सांगण्यासारखे काही या शहराने तयार ठेवले आहे का, हाच खरा प्रश्न आहे. तीन रात्रींच्या महोत्सवाने रसिकांना राजवाड्याच्या दारापर्यंत आणून सोडले. हे काम कार्यकर्त्यांनी केले. ते दार उरलेले तीनशे बासष्ट दिवस उघडे आणि बोलते ठेवण्याची जबाबदारी शासनाची आणि शहराची आहे. ती टाळली गेली, तर राजाचा बंदिवास १९१६मध्ये संपला तरी त्याच्या वास्तूचा मात्र संपला नाही, असे म्हणण्याची वेळ येईल.