ऑर्क जन्मतःच चोर असतो, हे ठरवलं कुणी?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. काही जवळच्या मित्रांना ती लागणार आहे, तेही माहीत आहे.

"गेममध्ये राजकारण आणू नकोस रे." आमच्या पुण्यातल्या टेबलटॉपवाल्यांत हे वाक्य हल्ली फार चालतं. सायन्स फिक्शनवाल्यांत त्याचा सख्खा भाऊ सापडतो: "स्टार ट्रेक पूर्वी कसं मस्त होतं, आता सगळं पुरोगामी करून टाकलंय." माझं म्हणणं एवढंच की राजकारण पहिल्या दिवसापासून तिथे आहे. तुमच्या सोयीचं होतं तोवर ते तुम्हाला टोचलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार. काय करायचं ते बोलून ठरवायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. लहानपणीच्या चोर-पोलिसाला नियमांचं जाडजूड पुस्तक जोडा, झालं.

आता त्या पुस्तकातला ऑर्क घ्या. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक जमातीपुढे स्वभावाचा एक रकाना असायचा आणि ऑर्कच्या रकान्यात छापलेलं असायचं: दुष्ट. अमुक एक ऑर्क दुष्ट असं नाही, अख्खी जमात. त्याने काय केलं हे विचारायची गरजच नाही. दिसला की मारा, पॉइंट घ्या, पुढे चला.

असाच रकाना आपल्याकडे सरकारी दप्तरात होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. देश १९४७ ला मोकळा झाला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं असेल तर कायदा गेल्यावर काय बदललं आणि काय नाही, ते मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, कुठे ऑर्क आणि कुठे आपल्याकडच्या जमाती, उगाच ओढाताण. तर ऐका. मी ज्या एका ग्रुपमध्ये खेळायचो तिथे डीएमने ऑर्कांची वस्ती उभी केली आणि हसत म्हणाला, "समजा ना, आपले पारधी." टेबल हसलं. एक मुलगा हसला नाही. मी तिथल्या तिथे म्हटलं, हे चालणार नाही. उत्तर तेच, राजकारण नको. तो मुलगा पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कारण त्याने सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. आडनावावरून कारण शोधायची खोड आपल्याला आधीच भरपूर आहे.

लक्षात घ्या, ती तुलना मी केली नव्हती. डीएमला ती आपोआप सुचली, कारण तो साचा त्याच्या डोक्यात गेम शिकायच्या कितीतरी आधीपासून तयार होता. आणि राजकारण केल्याचा आरोप झाला माझ्यावर!

ही जुनी गोष्ट आहे असंही म्हणू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनेविरुद्ध आहे, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका. याचिका पत्रकार सुकन्या शांता यांची होती. विमुक्त जमातींच्या माणसाला सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंगाच्या नियमांचाही त्या निकालात समाचार घेतलाय. म्हणजे रकाना आपल्याकडे परवा-परवापर्यंत जिवंत होता.

योगायोग असा की त्याच वर्षी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या पुस्तकातून 'रेस' हा शब्द गेला आणि 'स्पीशीज' आला. ऑर्कांचं जुनं वर्णन खऱ्या माणसांना हिणवण्याच्या भाषेसारखं आहे, हे कंपनीने २०२० मध्येच मान्य केलं होतं. कंपनी काही संत नाही, धंदा बघूनच केलं असेल. पण तिने पुस्तक तरी सुधारलं. आपण मात्र जुना रकाना तोंडपाठ करून बसलोय.

आता 'पूर्वीचं स्टार ट्रेक'. १९६६ साली त्या यानाच्या मुख्य कक्षात उहुरा ही कृष्णवर्णीय महिला अधिकारी होती. निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबायला सांगितलं, ही आठवण ती स्वतः सांगायची. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९०५ साली, बेगम रुकय्या यांनी 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. त्यात बायका सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतात आणि पुरुष पडद्यात. आणि मराठीत? जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये अंनिसला सोबत घेऊन फलज्योतिषाची चाचणी घेतली. कुंडली बघून हुशार मूल आणि मतिमंद मूल वेगळं ओळखायचं होतं. ज्योतिष्यांची उत्तरं बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. त्या कामात सोबत असलेल्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला याच पुण्यात खून झाला. विज्ञानकथा हवी पण राजकारण नको म्हणणाऱ्याने नारळीकर नेमके कुठून वाचले, मला खरंच कळत नाही.

एक आक्षेप मला पटतो. आठवडाभर मान मोडून काम केल्यावर रविवारी दोन तास डोकं बाजूला ठेवायचं असतं. अगदी बरोबर. पण डोकं बाजूला ठेवायचा हक्क टेबलावरच्या सगळ्यांना हवा ना? चौघांनी निवांत व्हायचं आणि पाचव्याने दात-ओठ आवळून बसायचं, ही कसली करमणूक? मला गेममध्ये प्रवचन नकोय. खलनायक हवेत, मारामारी हवी, ऑर्कांची टोळीसुद्धा हवी. फक्त ती टोळी वाईट का, तर तिने गाव जाळलं म्हणून. अमक्याच्या पोटी जन्मली म्हणून नव्हे.

आता आपल्या पुरोगामी मित्रांसाठी. ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाची पोस्ट टाकणं सोपं आहे. तुमचा गेम रात्री साडेनऊला सुरू होतो, मग दहाला घरी पोचावं लागणाऱ्या मुलीने खेळायचं कधी? सगळे पुरुष फासे टाकणार आणि पोहे आतून वहिनी आणणार, हे कुठल्या काल्पनिक जगातलं? सगळं इंग्रजीत का? मूळ नियम कंपनीने २०२३ पासून मुक्त परवान्यात दिलेत. मराठीत खेळा, महागडं पुस्तक घ्यायचीही गरज नाही. टेबलावर एक्स कार्ड ठेवा. कुणाला प्रसंग सहन होत नसेल तर त्याने कार्डाला हात लावायचा, प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. यासाठी क्रांती लागत नाही. एक कागद आणि पेन पुरतं.

आणि पुढच्या वेळी डीएम म्हणाला, "ते सगळे तसलेच असतात," तर वाद घालू नका, एवढंच विचारा: "कुणी, काय केलं?" त्याला उत्तर देता आलं तर गोष्ट चांगली होईल. नाही आलं, तर गेममध्ये राजकारण कुणी आणलं ते टेबलावर सगळ्यांना दिसेल.

बोला. पण मुद्द्यावर बोला.