आजोबांची लघवी तुंबते तेव्हा

घरचे आजोबा रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, धार बारीक होते. आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. तेही लाजेपायी बोलत नाहीत.

मी डॉक्टर नव्हे, पण चारीचे गणित जाणतो. दौंडकडे कालव्याची चारी पुढे तुंबली की पाणी मागे फुगून बांध फोडते. पन्नाशीनंतर पुष्कळांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीची नळी आवळते, तेव्हा तसाच दाब मूत्रपिंडांवर येऊ शकतो.

यासाठी मूत्ररोगतज्ज्ञ असतात. पुण्यात ससूनलाही आहेत. पुष्कळांचे गोळ्यांवर भागते, नाहीतर पोट न फाडता लघवीच्या वाटेने दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते. लघवी पुरती अडली तर मात्र पहाटेच्या एस.टी.ची वाट पाहू नका. रात्रीच शिरूर-दौंडचा सरकारी दवाखाना गाठून नळी घालून घ्या.