स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, मग खोका परदेशचा का?

कल्याणहून कर्जतच्या दिशेने गाडी सुटली की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. नाव पंढरीच्या देवाचे. पण आजूबाजूची वस्ती घडली ती फाळणीच्या वणव्यातून. सर्वस्व गमावून सिंधमधून आलेल्या आपल्या बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. त्या पुरुषार्थी समाजाने नशिबाला बोल लावत बसणे नाकारले. ओसरीत पापड लाटले, गोळ्या-बिस्किटे केली, लोकलच्या डब्यांतून ती विकली आणि पाहता पाहता विठ्ठलवाडीपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात लघुउद्योगांचे जाळे उभे केले. उद्यमशीलता म्हणजे काय, याचा पाठ महाराष्ट्राने या पट्ट्याकडून घ्यावा.

याच पट्ट्यातील एका छोट्या कारखान्यात अलीकडे जाण्याचा योग आला. चॉकलेट, बर्फी आणि आइस्क्रीमसाठी लागणारे जिन्नस तेथे तयार होतात. मालक संघविचाराच्या घरातील. भिंतीवर भारतमातेची तसबीर, शेजारी झुलेलाल आणि विठोबा. आणि त्या तसबिरीच्या बरोबर खाली, लाकडी फळीवर, स्ट्रॉबेरीच्या वाळवलेल्या तुकड्यांचे परदेशी खोके रचलेले! न राहवून विचारले, "महाबळेश्वर इथून एका दिवसाच्या अंतरावर आहे. मग हे कशाला?"

मालकांनी दिलेले उत्तर अंतर्मुख करणारे होते. "अहो, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मी नको म्हटले आहे का? पण मला पाणी नसलेली स्ट्रॉबेरी हवी. बारा महिने एकसारखी हवी. आणि प्रत्येक खोक्यासोबत तपासणीचा दाखला हवा. या तिन्ही गोष्टी देणारा आपला माणूस मला आणून द्या. उद्यापासून हा खोका बंद."

हे आव्हान एका कारखानदाराने एका पाहुण्याला दिलेले नाही; स्वदेशीचा उच्चार करणाऱ्या आपल्या सर्वांना दिलेले आहे.

पाणी काढण्याची विद्या

फळ गोठवून वाळवणे, म्हणजेच फ्रीझ-ड्राइंग, ही काय जादू आहे? स्ट्रॉबेरीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते. उन्हात किंवा गरम हवेत ते काढले तर फळ आकसते, काळवंडते, त्याचा गंध उडून जातो. त्याऐवजी फळ शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत गोठवतात, ते बंद कक्षात ठेवून आतील हवा खेचून घेतात आणि मग हळूहळू ऊब देतात. त्या निर्वात अवस्थेत बर्फ वितळत नाही. त्याची थेट वाफ होते. एक दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ हे चालते. शेवटी उरते ते मूळ आकाराचे, मूळ रंगाचे, कापसासारखे हलके आणि जेमतेम दोन-चार टक्के ओलाव्याचे फळ. साधारण दहा किलो ताज्या स्ट्रॉबेरीतून एक किलो असा माल निघतो.

कारखानदाराला हेच हवे असते. चॉकलेटमध्ये पाण्याचा अंश गेला तरी ते घट्ट होऊन बिघडते. बिस्किटात ओले फळ घातले तर त्याचा कुरकुरीतपणा जातो. बर्फीला बुरशी धरते. म्हणून ताजे फळ कितीही गोड असले तरी त्याच्या कामाचे नाही. हौसेपायी तो परदेशी खोका घेतो, असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

मात्र येथेच एक साधा हिशेब मांडला पाहिजे. दरमहा पंचवीस किलो वाळवलेली स्ट्रॉबेरी घेणारा एक छोटा कारखाना म्हणजे अडीचशे किलो ताज्या स्ट्रॉबेरीचा गिऱ्हाईक. असे शंभर कारखाने धरले तर महिन्याला पंचवीस हजार किलो! हा आपल्या शेतकऱ्याच्या दारात न आलेला व्यापार आहे. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा भाग महाबळेश्वर, पाचगणी, वाई या परिसरात पिकतो. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही हंगामात माल एकदम उतरला की भाव कोसळतो आणि नाजूक फळ दोन दिवसांत हातचे जाते. एकीकडे सडणारे फळ, दुसरीकडे परदेशातून येणारे तेच फळ! या विसंगतीला अर्थशास्त्र म्हणायचे की आत्मविस्मृती?

'भारतात निर्मित'चा बुरखा

जगात असा वाळवलेला फळमाल विकणाऱ्या देशांत चीनचे स्थान मोठे आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले तेव्हा देशभर चिनी मालावर बहिष्काराची लाट उसळली. दिव्यांच्या माळा, खेळणी, मोबाइल यांवर आपण तावातावाने बोललो. पण मुलाच्या डब्यातल्या बिस्किटातील लाल तुकडा कोठून आला, हे किती घरांनी विचारले?

विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते. आयात केलेला खाद्यपदार्थ तसाच विकला तर त्यावर मूळ देशाचे नाव लिहावे लागते. परंतु त्यावर दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन त्याचे स्वरूप बदलले, की प्रक्रिया जेथे झाली तोच देश मूळ देश मानला जातो. म्हणजे परदेशी स्ट्रॉबेरीचे तुकडे आपल्या पिठात पडून भट्टीतून बाहेर आले की बिस्किट पूर्णतः भारतीय! नियमाच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पण वेष्टनावरचा तिरंगी ठिपका पाहून समाधान पावणाऱ्या गृहिणीची ही फसगत नव्हे काय? वेष्टनावर ज्या फळाचे चित्र मिरवले जाते त्याचे प्रमाण टक्केवारीत छापण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. त्याच ओळीत त्या फळाचा देशही छापण्याचे बंधन का नसावे? ही मागणी ग्राहक चळवळीने लावून धरली पाहिजे.

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही, आरोग्याचाही आहे. २०१२ साली पूर्व जर्मनीतील शाळांमध्ये सुमारे अकरा हजार जण, बहुतांशी मुले, उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. शोध घेतला तेव्हा बोट दाखवले गेले ते चीनमधून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीकडे. तिच्यात नोरोव्हायरस आढळला. पुष्कळांचा असा समज असतो की गोठवले, वाळवले म्हणजे जंतू मेले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. प्रयोगशाळांत जिवाणू वर्षानुवर्षे जतन करण्यासाठी हेच तंत्र वापरतात! फळ शेतात, धुण्याच्या पाण्यात किंवा हाताळणाऱ्याच्या हातून दूषित झाले असेल, तर ते दूषण वाळवल्यानंतरही टिकून राहू शकते. म्हणून खरा भरवसा असतो तो शेत, पाणी आणि हात डोळ्यांखाली असण्याचा. साताऱ्याचे शेत जाऊन पाहता येते. हजारो मैलांवरचे नाही.

स्वस्ताईचा युक्तिवाद

येथे आपले अर्थपंडित सरसावून म्हणतील, "जेथे स्वस्त मिळते तेथून घ्यावे, बाजाराला देश नसतो." हा युक्तिवाद आपण १ एप्रिल २००१ पासून ऐकत आहोत. त्या दिवशी जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी फळांच्या पेट्या आपल्या हातगाड्यांवर दिसू लागल्या. स्वदेशी जागरण मंचाने त्याही आधी दहा वर्षे दिलेला इशारा तेव्हा कालबाह्य म्हणून हिणवला गेला.

बाजाराला देश नसतो, हे खरे मानले तर चीनने आपले उद्योग वर्षानुवर्षे सरकारी पाठबळावर का पोसले? तेथील स्वस्ताई आकाशातून पडलेली नाही. ती धोरणाने घडवलेली आहे. आज स्वस्त मिळणारा खोका उद्याही स्वस्तच मिळेल, याची हमी कोण देणार? २०२० च्या महामारीत बंदरे अडली, जहाजांची भाडी भडकली, तेव्हा आयातीवर विसंबलेल्यांची काय गत झाली, हे कारखानदारांनी स्वतः अनुभवले आहे. दुसऱ्याच्या कोठारावर आपली चूल पेटवणाऱ्याने त्याच्या कुलपाचीही भीती बाळगली पाहिजे.

दोष केवळ परक्याचा नव्हे

परंतु परक्याला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. हे तंत्र आपल्याला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून जवानांसाठी टिकाऊ अन्न घडवते आहे. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा तिनेच घडवलेले पदार्थ त्यांच्यासोबत होते. गोठवून वाळवलेली कॉफी आंध्रातून जगभर जाते. उत्तराखंडात आणि गुजरातेत हे तंत्र वापरणारे उद्योग कित्येक वर्षे उभे आहेत. म्हणजे विद्या घरात आहे. घरातल्या शेतकऱ्याची आणि घरातल्या कारखानदाराची गाठ मात्र आपण घालून दिलेली नाही.

आपल्या पुरवठादारांनाही दोन शब्द सुनावणे अगत्याचे आहे. पहिला नमुना उत्तम द्यायचा आणि दुसऱ्या खेपेला चुरा भरायचा, 'शुद्ध फळाची पूड' म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेली भुकटी गळ्यात मारायची, दाखला मागितला की "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणून रुसायचे, ही स्वदेशी नव्हे. स्वदेशीच्या नावावर चालवलेली ही लबाडी आहे. देशभक्ती ही निकृष्ट मालाची ढाल होता कामा नये. खरेदी करणाऱ्याने आपल्या माणसाकडूनही प्रत्येक घाणीचा ओलावा, तुकड्यांचा आकार, बुरशी व जंतूंची मोजणी, कीटकनाशकांचा अंश यांचा लेखी दाखला घ्यावा. हवाबंद, नायट्रोजन भरलेल्या पिशवीचा आग्रह धरावा. कारण हे फळ उघडे राहिले की तासाभरात हवेतला दमटपणा शोषून मऊ पडते, आणि ठाणे जिल्ह्याच्या पावसाळ्यात तर विचारूच नये! कठोर गिऱ्हाईक हाच स्वदेशीचा खरा मित्र होय.

पैसाफंडाचा धडा

मग मार्ग कोणता? यंत्र महाग आहे, विजेचा खर्च मोठा आहे; एकट्या छोट्या कारखानदाराला ते परवडणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एकट्याला न परवडणारे काम समाजाने मिळून करण्याची आपली परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एकेक पैसा मागत पैसाफंड उभारला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशी काचेवर नुसता बहिष्कार घालून ते थांबले नाहीत. त्यांनी स्वदेशी काच घडवली. होळी पेटवणे हा स्वदेशीचा प्रारंभ आहे, भट्टी पेटवणे ही तिची परिपूर्ती आहे.

आज तो पैसाफंड कसा असेल? विठ्ठलवाडी ते बदलापूर पट्ट्यातील वीस-पंचवीस खाद्य कारखानदारांनी आपली वार्षिक गरज एकत्र मोजावी. लक्ष्मणराव इनामदारांनी पायाभरणी केलेल्या सहकार भारतीने आणि लघु उद्योग भारतीने त्यांना महाबळेश्वरच्या शेतकरी गटांशी जोडावे. हंगामापूर्वी भाव आणि प्रत ठरवून लेखी करार व्हावा. प्रारंभी विद्यमान प्रकल्पांतून फळ वाळवून घ्यावे. मागणी स्थिरावली की सामायिक यंत्र बसवावे. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा घटकांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. योजना कागदावर येतात. त्यांना गावात उतरवणारा कार्यकर्ता लागतो.

आणि यंत्र एकदा उभे राहिले की ते स्ट्रॉबेरीवर थांबणार नाही. बदलापूरचे जांभूळ घ्या. त्याची कीर्ती मोठी, आयुष्य मात्र दोन-तीन दिवसांचे. पावसाची पहिली सर आली की फळ गळते, फुटते. टोपली घेऊन बसलेल्या आमच्या वनवासी भगिनीला संध्याकाळच्या गाडीआधी मिळेल त्या भावात ते विकावे लागते. तेच जांभूळ गोठवून वाळवले गेले तर वर्षभर बर्फीत, चॉकलेटात, आइस्क्रीममध्ये दिसेल. घोलवडचा चिकू, बीडचे सीताफळ, रत्नागिरीचा हापूस, यांना अशी बाजारपेठ मिळाली तर परदेशी खोक्याला स्पर्धक नव्हे, उत्तर मिळेल.

आपण काय करणार?

प्रश्न अखेर आपल्या घराशी येऊन थांबतो. येत्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे: घरातील फळांच्या चित्राचे एक वेष्टन उलटे करून बारीक अक्षरे वाचावीत. फळाचे प्रमाण किती, ते पाहावे. उत्पादकाला दोन ओळींचे पत्र लिहून विचारावे, "यातील फळ कोठले?" शंभर घरांतून शंभर पत्रे गेली तर खरेदी विभागाला जाग येईल. आणि ज्या कार्यकर्त्यांचा उद्योगाशी संबंध आहे, त्यांनी आपल्या वस्तीतील एका कारखानदाराची आणि एका शेतकरी गटाची भेट घडवून आणावी.

विठ्ठलवाडीच्या त्या कारखान्यातील भारतमातेची तसबीर आजही त्या खोक्यांवरून आपल्याकडे पाहते आहे. तसबिरीला हार घालणे सोपे आहे. तिच्या पायाशी आपल्या मातीतले फळ ठेवणे कष्टाचे आहे. कारखानदाराने आपली अट सांगितली आहे: पाणी नसलेले, बारमाही आणि दाखल्यासह. ती पुरी करण्याइतकी कुवत या समाजात आहे, हे आता बोलण्यापेक्षा करून दाखवायला हवे.